जमिनीखाली १०८ फूट : पुण्याचं जिल्हा न्यायालय मेट्रो स्टेशन नीट समजून घ्या

अमरावती-अकोल्याकडून परीक्षेला किंवा नोकरीला पुण्यात येणारी आपली पोरं या स्टेशनवर हमखास गोंधळतात. चूक पोरांची नाही. इथे मोबाइलचा नकाशाच गोंधळतो.

आधी इतिहास. या जागेवर पूर्वी सरकारी धान्य गोदामं होती. १ ऑगस्ट २०२३ ला स्टेशन सुरू झालं, तेव्हा नाव होतं ‘सिव्हिल कोर्ट’. नंतर ‘जिल्हा न्यायालय’ झालं. जुने लोक अजून पहिलंच नाव सांगतात, म्हणून दोन्ही लक्षात ठेवा. इथून स्वारगेटपर्यंतचा बोगदा २९ सप्टेंबर २०२४ ला खुला झाला. तो मुठा नदीच्या खालून जातो! नदीखालून जायचं म्हणून बोगदा खोल, आणि स्टेशनही खोल: ३३.१ मीटर.

आता रचना. वनाज ते रामवाडी ही ॲक्वा मार्गिका वर, पुलावर. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही जांभळी मार्गिका खाली, जमिनीत. म्हणजे दोन स्टेशनं एकमेकांच्या डोक्यावर. पुणे रेल्वे स्टेशनहून वनाजकडची मेट्रो धरली की दुसरं स्टेशन हेच. स्वारगेटला जायचं असेल तर इथे उतरून सरकत्या जिन्यांनी खाली, खाली आणि अजून खाली. छत असं बांधलंय की एवढ्या खोलातही दिवसा ऊन पोचतं. मला तर हीच इथली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

मग नकाशा का चुकतो? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचावर असतात. त्यांचा सिग्नल आपल्यापर्यंत पोचतो तोच इतका क्षीण, की माती आणि काँक्रीट ओलांडायची ताकद त्यात उरत नाही. मग फोन मोबाइल टॉवर आणि वायफायवरून अंदाज बांधतो. निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ मोठं झालं, की समजा फोनलाच खात्री नाही. शिवाय तुम्ही वरच्या फलाटावर की खालच्या, हे सपाट नकाशावर दिसणार कसं? ठिपका दोन्हीकडे जवळपास तिथंच. इथे पाट्याच वाचा.

गाडीचं मात्र काही अडत नाही. ती जीपीएसवर नाही, सीबीटीसी यंत्रणेवर चालते: गाडी आपली जागा रेडिओवरून सतत कळवते आणि दोन गाड्यांतलं सुरक्षित अंतर यंत्रणा राखते.

तिकीट व्हॉट्सॲपवर किंवा ॲपवर काढलं असेल तर खाली उतरण्याआधीच उघडून ठेवा. क्यूआर कोड बाहेर पडतानाही दाखवावा लागतो. रात्रभराच्या प्रवासानं बॅटरी संपत आली असेल, तर सरळ खिडकीवरून कागदी तिकीट घ्या. मार्गिका बदलताना गेटबाहेर पडू नका, एकच तिकीट पुरतं.

जाता जाता, रुळांच्या शौकिनांसाठी: इथल्या रुळांतलं अंतर १४३५ मिलिमीटर. अकोल्याच्या ब्रॉडगेजचं १६७६, आणि आपल्या मूर्तिजापूरच्या शकुंतलेचं फक्त ७६२.