मुरुमांवरील प्रतिजैविक मलम : किती दिवस आणि कशाच्या जोडीने?

तारुण्यपीटिका, म्हणजेच आपल्या रोजच्या बोलण्यातील मुरूम, हा वयात येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या वाट्याला येणारा विकार आहे. त्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पहिल्या चिठ्ठीत क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचे जेल पुष्कळदा असते. एक टक्का औषध असलेली ही लहानशी ट्यूब एकासाठी म्हणून घरात येते. ती संपली की रिकामी ट्यूब दाखवून औषधाच्या दुकानातून दुसरी आणली जाते. पुढे धाकटी बहीण, मावसभाऊ, वसतिगृहातील मैत्रीण असा तिचा प्रवास सुरू होतो. वास्तविक हे 'अनुसूची एच'मधील औषध आहे, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याची विक्री करता येत नाही. व्यवहारात काय घडते, ते वाचकांना ठाऊक आहेच.

हे जेल उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र ते एकटेच आणि महिनोन् महिने लावण्याचे औषध नव्हे. असे का, हे समजण्यासाठी मुरूम कसा तयार होतो ते आधी पाहिले पाहिजे.

बुचापासून पुवापर्यंत

चेहरा, छाती आणि पाठीवरील केसांच्या मुळांशी स्नेहग्रंथी असतात. पौगंडावस्थेत अँड्रोजेन गटातील संप्रेरकांच्या प्रभावाने त्या मोठ्या होतात आणि त्यांतून तेलकट स्राव अधिक प्रमाणात पाझरू लागतो. याच सुमारास रोमकूपाच्या तोंडाशी असलेल्या मृत पेशी नीट झडून न जाता एकमेकींना चिकटतात व तेथे बूच बसते. साध्या डोळ्यांना न दिसणारे हे बूच म्हणजे मुरुमाचा आरंभ. त्याचे तोंड उघडे राहिले की काळा ठिपका दिसतो, मिटलेले राहिले की पांढुरका दाणा. तो काळेपणा मळाचा नसतो. त्यामुळे दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड घासून तो जात नाही, उलट त्वचा कोरडी पडून चुरचुरू लागते.

बुचाखालच्या तेलात, जेथे प्राणवायू फारसा पोहोचत नाही, तेथे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू वाढतो. २०१६ पर्यंत शास्त्रज्ञ त्याला प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणत असत, आणि जुन्या पुस्तकांत तेच नाव आढळेल. हा जिवाणू बाहेरून येत नाही. निरोगी माणसाच्या त्वचेवरही तो वस्तीला असतो, आणि म्हणूनच मुरूम हा एकाकडून दुसऱ्याला लागणारा रोग नाही. कोंडलेल्या तेलात त्याची संख्या वाढली की तो त्या तेलाचे विघटन करतो, शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होते आणि सूज, लाली, पू ही पुढची मालिका सुरू होते.

तेल, बूच, जिवाणू आणि दाह अशा या चार कड्या आहेत. प्रतिजैविक त्यांपैकी शेवटच्या दोन कड्यांवरच काम करते. तेल कमी करणे वा बूच काढणे हे त्याचे काम नाही. ज्यांच्या चेहऱ्यावर फक्त काळे-पांढरे दाणे आहेत, लाल फोड मुळीच नाहीत, त्यांना या जेलचा फारसा लाभ होत नाही, त्याचे कारण हेच.

औषधाची कुळकथा

क्लिंडामायसिनचे मूळ मातीत आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात लिंकन नावाचे शहर आहे. तेथील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९६० च्या दशकाच्या आरंभी लिंकोमायसिन हे प्रतिजैविक मिळाले. शहराचे नाव सूक्ष्मजीवालाही लागले आणि औषधालाही. त्याच दशकात लिंकोमायसिनच्या रेणूत क्लोरिन घालून अधिक प्रभावी क्लिंडामायसिन तयार करण्यात आले. जिवाणूंच्या पेशीतील प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेला ते चिकटते, त्यामुळे जिवाणूंची वाढ थांबते. शिवाय दाह कमी करण्याचा थोडा गुणही त्याच्यात आहे. आरंभी ते पोटातून वा इंजेक्शनने दिले जाई. १९७० च्या दशकात काही त्वचारोगतज्ज्ञ कॅप्सूलमधील भुकटी अल्कोहोलयुक्त द्रावणात विरघळवून घेत आणि मुरुमांवर लावण्यास देत. तयार द्रावणे व जेल नंतर बाजारात आली.

मुरुमांपलीकडेही या औषधाला मोठे महत्त्व आहे. हाडांतील जंतुसंसर्ग, त्वचेखालचे गळू, पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णांचे काही संसर्ग अशा प्रसंगी डॉक्टर त्याचा आधार घेतात. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी त्याची धार बोथट होऊ देणे म्हणूनच परवडणारे नाही.

लावण्याची रीत

बहुसंख्य रुग्ण जेल फोडापुरते टिकलीसारखे लावतात. ही रीत योग्य नाही. आज दिसणारा फोड काही आठवड्यांपूर्वीच्या अदृश्य बुचातून आलेला असतो, आणि पुढच्या महिन्यात येणारा फोड शेजारच्या स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेत तयार होत असतो. म्हणून ज्या भागात मुरूम येतात, त्या संपूर्ण भागावर पातळ थर द्यावा लागतो. सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुवावा, टिपून कोरडा करावा आणि वाटाण्याच्या दाण्याएवढे जेल कपाळ, गाल, हनुवटी यांवर पसरावे. डोळे, ओठांच्या कडा व नाकपुड्या टाळाव्यात. नुसते क्लिंडामायसिन साधारणपणे दिवसातून दोनदा लावतात, तर काही संयुक्त जेल रात्री एकदाच पुरतात.

परिणाम दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. दहा दिवसांत फरक पडला नाही म्हणून ट्यूब फेकणारे आणि पंधरा दिवसांत बरे वाटले म्हणून थांबणारे, दोघेही घाई करतात. याउलट वर्षभर तेच जेल लावीत राहणारे तिसऱ्या प्रकारची चूक करतात, आणि ती अधिक गंभीर आहे.

जिवाणू निर्ढावतात कसे?

एखादे प्रतिजैविक सतत लावले की त्याला बळी पडणारे जिवाणू मरतात आणि जनुकीय बदलामुळे तगलेले मोजके जिवाणू मोकळ्या जागेत वाढतात. मुरुमांच्या जिवाणूत क्लिंडामायसिन व एरिथ्रोमायसिन यांना दाद न देण्याचा हा गुण १९७० च्या दशकाच्या अखेरीसच नजरेस आला होता. पुढे तो जगभर पसरला. ही दोन औषधे जिवाणूच्या पेशीत जवळपास एकाच ठिकाणी चिकटत असल्याने एकाला न जुमानणारा जिवाणू बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही. चेहऱ्यावर लावण्याचे एरिथ्रोमायसिन आता मागे पडले, ते यामुळेच.

हा प्रश्न ट्यूब लावणाऱ्यापुरताही मर्यादित नाही. त्वचेवर स्टॅफिलोकोकस गटातील जिवाणूही असतात. मलम त्यांच्यापर्यंतही पोहोचते आणि तेही निर्ढावतात. उपचार घेणाऱ्यांच्या निकट सहवासातील, स्वतः कोणतेही औषध न लावलेल्या व्यक्तींच्या त्वचेवर असे जिवाणू सापडल्याचे युरोपातील पाहण्यांत नोंदले गेले आहे. एका घरात एकाच टॉवेलने तोंड पुसणाऱ्यांनी याचा विचार करावा.

जोडीदार हवाच

यावर उपाय आहे, आणि तो महागही नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड हे औषध रोमकूपात प्राणवायू मोकळा करून जिवाणू मारते. हा हल्ला रासायनिक असल्याने त्याविरुद्ध जिवाणूंनी प्रतिकार मिळविल्याचे आजवर दिसलेले नाही. क्लिंडामायसिनच्या जोडीला ते असले की तगून राहू पाहणारे निर्ढावलेले जिवाणूही मरतात. शिवाय बूच सैल करण्याचा थोडा गुण त्यात आहे. अडीच टक्क्यांचे औषध दहा टक्क्यांच्या औषधाइतकेच काम करते आणि आग कमी करते, त्यामुळे अधिक टक्क्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. सुरुवातीला ते एक दिवसाआड लावावे. त्याने कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा उशीचा अभ्रा पांढरा ठेवलेला बरा. ते उष्णतेपासून दूर ठेवणेही आवश्यक आहे. तापल्यावर त्यातून बेंझिन हा घातक पदार्थ तयार होऊ शकतो, असा इशारा २०२४ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने दिला होता. तेथील औषध प्रशासनाने ९५ उत्पादने तपासून मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझिन आढळले नव्हते किंवा अत्यल्प आढळले होते, तर मोजकी उत्पादने परत मागविण्यात आली. घाबरून औषध सोडण्याचे कारण नाही, परंतु उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ट्यूब विसरू नये.

दुसरा जोडीदार म्हणजे ॲडापलिन किंवा ट्रेटिनॉइन. 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातील ही औषधे थेट बुचावर काम करतात. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत चेहऱ्यावर लावण्याचे प्रतिजैविक एकटे देऊ नये, तसेच लावण्याचे व पोटात घेण्याचे प्रतिजैविक एकाच वेळी देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. उपचाराचा पहिला टप्पाही बारा आठवड्यांचा धरला आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये क्लिंडामायसिन, ॲडापलिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड हे तिन्ही असलेल्या जेलला मान्यता मिळाली.

आपल्याकडे क्लिंडामायसिनसोबत निकोटिनामाइड असलेले जेल भरपूर खपते. निकोटिनामाइड दाह शमविते हे खरे, परंतु जिवाणूंचा प्रतिकार रोखण्याच्या कामी त्याची भिस्त धरता येत नाही. ॲडापलिनची जोड अधिक चांगली, तथापि निर्ढावलेला जिवाणू तीही मारीत नाही. म्हणून अशा जेलसोबत सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश वा पातळ थर सुचविला जातो. बारा आठवड्यांनी फोड आटोक्यात आले की प्रतिजैविक थांबवून ॲडापलिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड पुढे चालू ठेवता येते.

डाग, खाज आणि 'गोरेपणाची' मलमे

फोड बसल्यावर सावळ्या व गव्हाळ त्वचेवर काळसर डाग मागे राहतात. अनेक जण ते मुरूमच समजून जेल लावीत राहतात. त्या डागात जिवाणू नसतात, त्यामुळे प्रतिजैविकाचा तेथे काडीचाही उपयोग नाही. उन्हापासून संरक्षण आणि धीर यांनी ते फिके होतात. फोड नखाने फोडण्याची सवय असेल, तर नवे डाग पडतच राहतात.

कपाळावर, छातीवर वा पाठीवर एकसारख्या आकाराच्या बारीक आणि खाजऱ्या पुटकुळ्या असतील, तर तो बुरशीचा विकार असू शकतो, आणि प्रतिजैविकाने तो बळावतो. केसांना चोपून लावलेले तेल कपाळावर ओघळत असेल, तर ते आधी थांबवून पाहावे. सर्वांत मोठी फसगत मात्र स्टिरॉइडयुक्त मलमांनी होते. ती लावताच लाली ओसरते आणि चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा पातळ होते आणि मलम बंद करताच फोड दुप्पट जोमाने उठतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याची अनेक स्टिरॉइडे 'अनुसूची एच'मध्ये आणली. तरीही मैत्रिणीने सुचविलेल्या ट्यूबवरील घटक वाचल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नये. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले की थांबावे.

क्लिंडामायसिनचे दुष्परिणाम सहसा कोरडेपणा, किंचित आग आणि पापुद्रे सुटणे इतकेच असतात. पूर्वी प्रतिजैविकांमुळे आतड्याला सूज आलेल्या किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस वा क्रोन्स विकार असलेल्या रुग्णांनी मात्र ते लावू नये. जेल लावताना पातळ वा रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले, तर औषध बंद करून डॉक्टरांना गाठावे. असे क्वचितच घडते. गरोदर स्त्रियांना डॉक्टरांच्या सल्ल्याने क्लिंडामायसिन देता येते, परंतु ॲडापलिन व ट्रेटिनॉइन त्या काळात टाळतात.

मोठ्या दुखऱ्या गाठी, खड्डे पडू लागलेले व्रण, किंवा मासिक पाळीच्या अनियमिततेसोबत हनुवटीवर उठणारे फोड हे कोणत्याही जेलच्या आवाक्यातले नाहीत. अशा वेळी तीन महिने वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. खड्डा एकदा पडला की तो भरून काढण्याचे उपचार दीर्घ आणि खर्चिक असतात.