पडवीतली फियाट: जुनी प्रवासगाडी सांभाळण्याचा इतिहास, पेण ते रोहा

१/
पेण किंवा रोह्याच्या जुन्या आळीतून जाताना एखाद्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली प्रीमियर पद्मिनी अजूनही दृष्टीस पडते. अशा घरात बहुधा दोन मते असतात. एका पिढीला ती विकवत नाही आणि दुसऱ्या पिढीला तिचा खर्च पटत नाही. या वादाला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
प्रथम एका संज्ञेचा परिचय. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील धनिकांचे पुत्र शिक्षण पूर्ण झाल्यावर फ्रान्स आणि इटलीचा दीर्घ प्रवास करीत. त्यास ‘ग्रँड टूर’ म्हणत. विसाव्या शतकात लांबचा पल्ला वेगाने आणि आरामात गाठणाऱ्या मोटारीला इटलीत ‘ग्रान तुरिस्मो’ हे नाव मिळाले. आपण तिला ‘ग्रँड टूरर’ म्हणतो.

३/
या प्रकारातील एक मानदंड म्हणजे १९४७ ची चिसितालिया २०२. पिनिन फारिना यांनी घडवलेला तिचा देह न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ च्या प्रदर्शनात मांडला. मात्र या देखण्या गाडीचे हृदय साधे होते: फियाट ११०० वरून बेतलेले, १०८९ सीसीचे इंजिन.

४/
हा आकडा लक्षात ठेवा. ६८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिलिमीटर धावेचे चार सिलिंडर. एकूण १०८९ सीसी. फियाटने हे माप १९३७ साली आणले. पेणच्या पडवीतल्या पद्मिनीच्या इंजिनाचे मापही हेच. रूप, वेग आणि किंमत यांत दोघींमध्ये जमीनअस्मानाचे अंतर. कूळ मात्र एक.

५/
१९५३ साली फियाटने ११००/१०३ ही नवी गाडी आणली. तिची एक चपळ आवृत्ती होती, ‘तुरिस्मो वेलोचे’, म्हणजे वेगवान प्रवासगाडी. मध्यमवर्गाच्या कुटुंबाला परवडेल अशा गाडीत लांब पल्ल्याचा आनंद आणण्याचा तो प्रयत्न होता. याच ११००/१०३ घराण्याची गाडी थोड्याच काळात मुंबईत पोहोचली.

६/
ती आणली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. आरंभी तेथे क्रायस्लर समूहाच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे फियाटशी करार झाला. ११०० चे पहिले गोलाकार रूप मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ या नावाने ओळखले. त्या नावात चेष्टेइतकीच माया होती.

७/
येथे सरकारी धोरणाने कलाटणी दिली. प्रशुल्क आयोगाच्या १९५३ च्या शिफारशींनंतर देशात प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच वाव राहिला. १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने काही काळातच गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. ग्राहकापुढे मोजकीच नावे उरली.

८/
रायगडच्या वाचकांसाठी एक नोंद. त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. रोह्याशी त्यांचे जवळचे नाते. १९५० ते १९५६ या काळात त्यांनी अर्थखाते सांभाळले आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. परकीय चलन जपायचे आणि कारखाने देशात उभारायचे, ही त्या पिढीची आर्थिक दृष्टी होती. ‘एक गाडी आयुष्यभर’ या सवयीचे मूळ त्याच दृष्टीत सापडते.

९/
परिणाम असा की गाडी नोंदवावी आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. १९५९ मध्ये मोटारींच्या वितरणावर आणि विक्रीवरच नियंत्रणाचा आदेश निघाला. हाती आलेली गाडी त्यामुळे संपत्ती ठरली. ती टिकवणे ही हौस नव्हती, गरज होती. आजोबांनी तिला इतके का जपले, याचे उत्तर त्यांच्या स्वभावाआधी त्या प्रतीक्षायादीत शोधावे.

१०/
आता रस्त्याकडे वळू. मुंबईहून पेणला येण्याचा एक जुना मार्ग पाण्यावरचा होता. लाँचने धरमतर बंदर गाठायचे आणि तेथून पुढे मोटारीने जायचे. भरती-ओहोटी आणि पावसाळा सांभाळूनच बेत आखावा लागे. मोटारीच्या वाटेलाही वळसा होता. ठाणे खाडीवरील वाशीचा पूल १९७३ साली खुला होईपर्यंत मुंबईची गाडी ठाण्यावरून पनवेलला येई.

११/
पनवेल सोडले की कर्नाळ्याचा चढ, मग पेण, पुढे वडखळची मिठागरे आणि खारजमिनी, नागोठण्याला अंबा नदी, त्यानंतर सुकेळी खिंड आणि कोलाडहून आत वळले की कुंडलिकेकाठचे रोहे. गणपतीत किंवा मे महिन्यात पुढच्या सलग बाकावर तिघे, मागे चौघे, टपावर सामान. कोकणी कुटुंबाची ‘ग्रँड टूर’ ती हीच.

१२/
या प्रवासाला ही गाडी शोभत असे. वजन नऊशे किलोंच्या आत, पुढे स्प्रिंग, मागे पाटे, सुकाणूच्या दांड्यावरच गियर. शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे फार नाही. पण चढाला दुसऱ्या गियरवर ती शांतपणे निघे. खिडकीचे छोटे त्रिकोणी तावदान फिरवले की वारा थेट अंगावर येई. रस्ता, यंत्र आणि चालक यांच्यात आडपडदा नसे.

१३/
तिचे दुसरे आकर्षण म्हणजे ती समजते. बॉनेट उघडले की कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, पंप सारे डोळ्यांसमोर दिसते. पॉइंट घासणे, प्लग साफ करणे, टॅपेट लावणे ही कामे रस्त्याकडेच्या मिस्त्रीला आणि पुष्कळदा मालकालाही येत. आजच्या गाडीत बिघाड संगणकाला विचारावा लागतो. या गाडीत तो कानाने ओळखता येई.

१४/
इटलीने ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबवले. कुर्ल्यात मात्र ते आणखी तीन दशके चालले. १९६४ मध्ये ‘डिलाइट’, पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नावे बदलली, गाभा तोच राहिला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हलक्या, कमी इंधनात धावणाऱ्या गाडीपुढे पद्मिनी एकाएकी वयस्क दिसू लागली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन संपले.

१५/
आता दुसरी बाजू. ११०० ची रचना एकसंध देहाची आहे; तिला वेगळी चासी नाही. पत्राच भार पेलतो. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पेण-वडखळच्या बाजूला खाडीची खारी हवाही असते. दाराचा खालचा काठ, पायाखालचा तळपत्रा, स्प्रिंगांच्या बैठका यांना गंज धरला की प्रश्न रंगाचा राहत नाही. गाडीच्या कण्याचा होतो. वरून चकचकीत रंगवलेली गाडी घेऊन फसलेले पुष्कळ आहेत. पाहायची तर ती खालून पाहावी.

१६/
चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही सर्व्होविना. पाण्यातून गेल्यावर ते काही काळ नीट धरत नाहीत. सर्दाव्याने डिस्ट्रिब्युटर रुसतो. उन्हाळ्यात वाहतूक कोंडीत पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी मध्येच थांबते. एअरबॅग नाहीत, धडक शोषून घेणारी आधुनिक रचना नाही. ज्या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊन दशकाहून अधिक काळ रेंगाळले, तेथील खड्डे आणि भरधाव अवजड वाहने यांच्यामध्ये ही उणीव रम्य वाटत नाही.

१७/
इंधनही बदलले. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल बाजारात आले. जुन्या रबरी नळ्या, वॉशर आणि पडदे त्या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते तपासून बदलणे आवश्यक ठरते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीत ओल आणि गंज साचतो. म्हणजे ही गाडी चालवण्याने जितकी झिजते, तितकीच न चालवण्यानेही खराब होते.

१८/
सर्वांत मोठी अडचण मात्र गाडीच्या बाहेर आहे. खासगी फियाटींचे दीर्घायुष्य मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या आधारावर उभे होते. हजारो टॅक्सी रोज धावत, म्हणून सुटे भाग बनत, विकले जात, आणि हात बसलेले मिस्त्री मिळत. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. अनेकांनी स्मरणरंजनाचे लेख लिहिले. पेणच्या मालकाचे नुकसान अधिक व्यावहारिक होते. त्याच्या गाडीला जगवणारी बाजारपेठच आटू लागली.

१९/
कायद्याचेही पाहू. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीचे हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील वाहनांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क ठेवले आणि अशी गाडी नित्य वापरात आणू नये, अशी अटही घातली.

२०/
याचा अर्थ पाहा. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये वारसा ठरण्यास पात्र झाली. १९९५ ची पद्मिनी मात्र केवळ जुनी गाडी. तिच्यावर नूतनीकरणाचा भार पडतो, वारशाचा मान मिळत नाही. पडव्यांत उभ्या असलेल्या अनेक गाड्या याच मधल्या वयाच्या आहेत. उद्या ज्या जपाव्याशा वाटतील, त्यांतील कितीतरी आजच भंगारात जातील.

२१/
मग ठेवावी की द्यावी? इतिहास पाहता मला एकच कसोटी योग्य वाटते. किंमत किती येईल हे नंतर विचारा. हिला दुरुस्त कोण करील हे आधी विचारा. पूर्वी त्या प्रश्नाचे उत्तर कारखाना, टॅक्सी, सुट्या भागांचा बाजार आणि नाक्यावरचा मिस्त्री मिळून देत होते. आज ते उत्तर एकट्या मालकाला द्यावे लागते. त्याच्यापाशी वेळ, शिकण्याची तयारी आणि एखादा जाणता मिस्त्री असेल, तर गाडी अवश्य ठेवावी आणि आठवड्यातून एकदा फिरवावी.

२२/
आणि नसेल, तर अपराधी वाटून घेऊ नये. ताडपत्रीखाली गंजू देणे म्हणजे जतन नव्हे. ज्याच्याकडे ती धावेल, त्याच्या हाती सोपवणे हेही जतनच. मात्र देण्यापूर्वी नोंदणीपुस्तक, जुन्या पावत्या आणि टपावर सामान बांधलेल्या त्या प्रवासाची छायाचित्रे यांच्या प्रती काढून ठेवा. कोकणच्या रस्त्यावरील मध्यमवर्गाचा इतिहास लिहिताना उद्या हीच साधने लागतील.

२३/
तुमच्या घरी अशी गाडी होती किंवा आहे का? कोणते साल, कोणते रूप, आणि ती मुंबईहून कोणत्या वाटेने गावी येत असे? आठवत असेल ते खाली लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलेत तर अधिक चांगले.