सोलापूरचा रस्ता, काळी माती आणि जीपची पुढची चाके

१३ सप्टेंबर १९४८. पहाटेच्या अंधारात सोलापूरच्या बाजूने भारतीय सैन्याची मुख्य फौज हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत शिरली. मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्या नेतृत्वाखालील या मोहिमेचे लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’. लोकांच्या तोंडी मात्र ती ‘पोलीस ॲक्शन’ झाली. (शेरमन रणगाडे घेऊन निघालेले पोलीस इतिहासात विरळाच!) निजाम, रझाकार आणि पाच दिवसांत आलेली शरणागती यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या थ्रेडचा विषय त्याहून खालचा आहे, अगदी शब्दशः: गाड्यांच्या पोटाखाली फिरणारे शाफ्ट आणि त्या शाफ्टखालची माती.

सोलापूर हा अवर्षणाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पण येथे जो काही पाऊस पडतो, त्यातला सर्वाधिक वाटा सप्टेंबरचा असतो. आणि सोलापूरपासून नळदुर्ग-उमरग्यापर्यंतचा प्रदेश बहुतांशी काळ्या मातीचा. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात चाकाला धरली की सोडत नाही.

केवळ मागच्या चाकांवर चालणारी मोटार अशा रानात शिरली, की पुढची दोन चाके नुसती ओझे होतात. ती चिखल पुढे ढकलतात. मागची चाके जागच्या जागी फिरून स्वतःचा खड्डा स्वतःच खणतात. म्हणूनच ७ व्या ब्रिगेडने पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, याला एवढे महत्त्व आहे. तो उडाला असता, तर रस्ता सोडून नदीपात्रात उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

रणगाड्याचे वजन त्याच्या पट्ट्यांवर पसरते, त्यामुळे तो चिखलात काहीसा तगतो. चाकांच्या गाडीपुढे मात्र एकच उपाय उरतो: चारही चाकांना जोर देणे. ही कल्पना जुनी होती. नेदरलँड्समधील स्पायकर कंपनीने १९०३ मध्येच चारही चाकांवर चालणारी पेट्रोलची मोटार बांधली होती, आणि पहिल्या महायुद्धात असे अवजड ट्रकही धावले. लहान, हलकी, स्वस्त गाडी मात्र कोणाला साधत नव्हती.

अडचण पुढच्या चाकांची होती. मागच्या चाकाला फक्त फिरायचे असते. पुढच्याला फिरतानाच वळायचेही असते. साधा युनिव्हर्सल जॉइंट कोनात वाकला, की शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात चाक दोनदा वेगावते आणि दोनदा मंदावते. स्टीअरिंग हातात थरथरते, सांधा लवकर झिजतो. वाकूनही एकसारख्या गतीने फिरणारा सांधा हवा होता. १९२० च्या दशकात फ्रान्समधील ग्रेगॉर यांच्या नावाशी जोडलेला ‘ट्रॅक्टा’, आणि पुढे ‘झेपा’ व ‘बेंडिक्स-वाइस’ हे सांधे आले, तेव्हा ही वाट मोकळी झाली.

जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांकडे चारही चाकांवर चालणाऱ्या हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. नमुना ४९ दिवसांत हवा होता. बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी अवघ्या काही दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपण्याच्या अर्धा तास आधी, गाडी होलाबर्डच्या लष्करी तळावर पोहोचवली. एवढ्या घाईत नवा ॲक्सल कोण घडवणार? स्टुडबेकर मोटारीचा तयार ॲक्सल स्पायसर कंपनीने बदलून दिला. पुढे बँटम बाजूला पडली. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या.

या जीपचा गाभा म्हणजे ट्रान्स्फर केस, गिअरबॉक्सच्या पाठीशी बसवलेली दुसरी लहान पेटी. इंजिनाचा जोर येथे दोन शाफ्टांत विभागला जातो: एक मागे, एक पुढे. पुढचा शाफ्ट इंजिनाच्या तेलाच्या टाकीखालून नेला असता, तर इंजिन उंच बसवावे लागले असते आणि गाडी उंच, म्हणजे शत्रूला सहज दिसणारी झाली असती. म्हणून ट्रान्स्फर केसने शाफ्टची रेषा उजवीकडे सरकवली, आणि तिच्या मागोमाग पुढचा-मागचा डिफरन्शियलही उजवीकडे सरकला.

खरी कसोटी त्यापुढची. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. त्यांना अधिक फेरे घ्यावे लागतात. जीपमध्ये हा फरक सामावणारा मधला डिफरन्शियल नव्हता. चिखलात चाक थोडे घसरते आणि हिशोब आपोआप मिटतो. कोरड्या, टणक रस्त्यावर घसरायला वाव नसतो. ताण शाफ्टांत पिळत जातो, टायर खरवडले जातात, शेवटी दात तुटतात. मधला डिफरन्शियल बसवला असता तर वजन आणि खर्च वाढला असता, शिवाय एक चाक घसरताच सगळा जोर तिकडेच वाहून गेला असता. त्याऐवजी चालकाला एक दांडा दिला: चिखलात पुढची चाके जोडा, रस्त्यावर सोडा. त्या घाईत याहून शहाणा निर्णय शक्य नव्हता.

दुसरा दांडा ‘लो’ गिअरचा. त्यात आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या सुमारे २५ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. एवढा जोर एकट्या मागच्या ॲक्सलला पेलवणार नाही, म्हणून पुढची चाके जोडल्याशिवाय ‘लो’ पडूच नये अशी अटकावाची योजना आत होती. साठ अश्वशक्तीचे लहानसे इंजिन काळ्या रानातून गाडी ओढून काढते ते याच्या बळावर.

१९४८ मध्ये भारतीय सैन्याकडची बहुतेक चाकी वाहने महायुद्धातूनच उरलेली होती, जीप त्यांपैकीच. पण तोवर ती मुंबईतही जोडली जाऊ लागली होती. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ने १९४७ मध्ये सुटे भाग आणून विलीज जीपची जुळणी सुरू केली. यातले ‘मोहम्मद’ म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. ते एकेकाळी हैदराबादच्या निजामाचे अर्थमंत्री होते! फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. सोलापूरहून फौज निघाली त्याच वर्षी कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले.

पुढे या कंपनीने विलीजच्या परवान्याने ‘सीजे-३बी’ जीप अनेक दशके बांधली. स्टीअरिंग भारतीय रीतीने उजवीकडे आले, पण स्पायसरची ट्रान्स्फर केस जागची हलली नाही. म्हणून गावाकडच्या एखाद्या जुन्या जीपखाली आजही वाकून पाहिले, तर पुढच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा मध्यभागी दिसत नाही. तो उजव्या बाजूला, चालकाच्या पायांच्या रेषेत सापडतो.