स्थलांतरितांसाठी न्याय्य कायदा : बिशपांची पाच तत्त्वे

अमेरिका व मेक्सिको या देशांच्या कॅथलिक बिशपांनी २२ जानेवारी २००३ रोजी स्थलांतराविषयी एक संयुक्त पत्र प्रसिद्ध केले. या कायद्याच्या सुधारणेसंबंधी ख्रिस्तसभेची भूमिका समजून घ्यावयाची असल्यास आजही त्याचाच आधार घेतला जातो.

पत्रात पाच तत्त्वे मांडली आहेत. मनुष्याला आपल्या जन्मभूमीतच सन्मानाने जगता यावे, हे पहिले. ते शक्य नसेल तर स्वतःच्या व कुटुंबाच्या चरितार्थासाठी अन्यत्र जाण्याचा त्याला हक्क आहे, हे दुसरे. आपल्या सीमांचे नियमन करण्याचा अधिकार सार्वभौम राष्ट्राला आहे, हे तिसरे. छळामुळे पळून आलेल्यांना आश्रय मिळावा आणि कागदपत्रे नसलेल्यांचीही प्रतिष्ठा व मानवी हक्क जपले जावेत, ही उरलेली दोन.

वाद माजतो तो दुसऱ्या व तिसऱ्या तत्त्वावरून. पहिल्याकडे फारसे कोणी वळत नाही. वास्तविक तेच सर्वांत मूलभूत आहे, कारण घरदार सोडून जाणे ही बहुतेकांची हौस नसते.

प्रचलित कायदा कोठे अमानुष ठरतो ते पाहा. १९९६ च्या कायद्यानुसार, एक वर्ष वा अधिक काळ विनापरवाना राहिलेली व्यक्ती देशाबाहेर गेली की तिला १० वर्षे परत प्रवेश मिळत नाही. समजा, अशा माणसाची पत्नी अमेरिकन नागरिक आहे. तिच्यामुळे तो ग्रीन कार्डास पात्र ठरतो. परंतु तो चोरवाटेने आला असल्याने व्हिसासाठी त्याला बहुधा मायदेशी जावे लागते, आणि गेला की हीच बंदी त्याला लागू होते. सवलत मागता येते. त्यासाठी पत्नीचे वा आईवडिलांचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करावे लागते. मुलांचे हाल मात्र स्वतंत्रपणे गृहीत धरले जात नाहीत!

बिशपांची मागणी आहे ती तेथे स्थिरावलेल्यांना कायदेशीर दर्जा, कुटुंबांचे एकत्रीकरण, कामगारांना हक्कांसह व्हिसा व न्यायालयीन संरक्षण यांची. १९८६ साली सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. पण पुढे येणाऱ्या कामगारांसाठी पुरेशी वाट ठेवली गेली नाही आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला. २०१३ मध्ये सेनेटने व्यापक सुधारणेचे विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले. प्रतिनिधिगृहाने ते मतदानास घेतलेच नाही.

हा प्रश्न केवळ चोरवाटेने आलेल्यांचा नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांसाठी प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे. भारताला तेवढीच आणि चिमुकल्या देशालाही तेवढीच. त्यामुळे आपल्याकडून रीतसर गेलेले अभियंते वर्षानुवर्षे रांगेत आहेत. त्यांची मुले २१ वर्षांची झाली की अनेकदा आईवडिलांच्या अर्जातून वगळली जातात.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी बाल्टिमोर येथील सभेत अमेरिकन बिशपांनी सरसकट हद्दपारीला विरोध करणारा विशेष संदेश संमत केला. सीमांचे नियमन ही राष्ट्राची जबाबदारी आहे, हे त्यातही मान्य केलेले आहे.