बालिकबायान

फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेत ‘बालिक’ म्हणजे परतणे आणि ‘बायान’ म्हणजे गाव. देश आणि त्यातली माणसंही त्याच शब्दात मावतात. ‘बालिकबायान’ म्हणजे मायदेशी परतणारा. 1973 साली, लष्करी कायद्याच्या काळात, मार्कोस सरकारने परदेशस्थ फिलिपिनोंना भेटीला बोलावण्यासाठी योजना काढली. तिने हा जोडशब्द घरोघरी नेला. पुढच्याच वर्षीच्या कामगार संहितेने परदेशातल्या नोकऱ्यांना सरकारी चौकट दिली. एकीकडे बोलावणं, दुसरीकडे पाठवणी! या शब्दातली खरी वेदना मला इथे दिसते.

कारण आज तो सर्वाधिक ऐकू येतो खोक्याच्या नावात. हाँगकाँगमधली घरकामगार, आखातातली नर्स महिनोन् महिने साबण, चॉकलेटं, डबाबंद मांस, मुलांचे बूट जमवते आणि ‘बालिकबायान बॉक्स’ जहाजाने घरी धाडते. परतणारं माणूस नसतं, खोकं असतं. त्याला परका हात लागलेला खपत नाही: 2015 मध्ये कस्टम्सने खोकी उघडून तपासायचं ठरवलं, तेव्हा एवढा संताप उसळला की राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो आकिनो यांनी ती सरसकट उघडणं थांबवायला लावलं. योग्यच केलं.