लोरे नंबर १ की नंबर २? केसपेपरवरचा पत्ता चुकतो कुठे

लोरे नंबर १ कणकवली तालुक्यात, लोरे नंबर २ वैभववाडी तालुक्यात. केसपेपर काढताना घाईत नुसतं 'लोरे' लिहिलं, की पेशंट कागदावर दुसऱ्या तालुक्यात जाऊ शकतो.

मग पिनकोड कशाला आहे? १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या पिनकोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातलेच. पण हा आकडा टपाल वाटण्यासाठी बनला. वैभववाडीचा ४१६८१० अनेक गावांना चालतो, त्यावरून घर सापडत नाही.

गाव बरोबर लिहिलं तरी काम अर्धंच. कोकणातलं गाव म्हणजे विखुरलेल्या वाड्या. महसुली गावाला सरकारी कोड असतो, वाडीला बहुधा नसतो. एक जण 'मधलीवाडी' लिहितो, दुसरा 'मधली वाडी'. कॉम्प्युटरसाठी या दोन वेगळ्या वाड्या. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. त्यात २०१९ च्या पावसाळ्यात अरुणा धरणाच्या पाण्यात आखवणे-भोममधली घरं गेली. तिथल्या कुणाच्या जुन्या कार्डावरचा पत्ता आज पाण्याखाली आहे.

याने बिघडतं काय? लेप्टोचा पेशंट सापडला की आरोग्य कर्मचारी त्याच्या वाडीत घरोघरी तापाचे रुग्ण शोधतात, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. वाडी चुकली तर ज्यांना धोका आहे तेच राहून जातात. निदान कधी ओरोसला होतं, कधी घाट चढून कोल्हापुरात. तिथल्या क्लार्कला या वाड्या माहीत असण्याचं कारणच नाही. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीची गोष्ट आणखी वेगळी. आधारवर पत्ता मुंबईचा, बाळ वैभववाडीत, मग लसीच्या यादीत ते कुठे? म्हणून 'कायमचा पत्ता' आणि 'सध्याचा मुक्काम' हे दोन रकाने वेगळेच हवेत.

उपाय फार महागडा नाही. पंचायतराज मंत्रालयाच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'त प्रत्येक गावाला कोड आहे. गावाचं नाव टाइप करण्याऐवजी त्या यादीतून निवडायचं. वाड्यांची यादी उपकेंद्रावर आशाताईंना बसवून करायची, कारण कुठल्या वाडीला लोक कोणत्या दोन नावांनी ओळखतात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. जुनं नाव खोडायचं नाही, नव्याला जोडून ठेवायचं. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, तेव्हापासून तर हे जास्तच गरजेचं झालंय.

शेवटी नकाशावरचा बिंदू. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला 'डिजिपिन' साधारण ४ बाय ४ मीटरच्या चौकोनाला १० अक्षर-अंकांचा कोड देतो. फक्त तो घराच्या दारात उभं राहून घ्यायचा. ओपीडीत बसून लोकेशन घेतलं, तर सगळा तालुका दवाखान्यातच राहतो असं दिसेल! शिवाय आजार आणि घराचा बिंदू एकत्र दिसला की पेशंट लगेच ओळखू येतो. टीबीसारख्या आजारात हे घातक, त्यामुळे बिंदू कोण पाहू शकेल हे आधी ठरवावं लागतं.

तोवर केसपेपरच्या खिडकीवर पाच गोष्टी स्वतःहून सांगाव्यात: तालुका, नंबरासकट गावाचं नाव, वाडी, जवळची खूण आणि सध्या चालू असलेला मोबाइल नंबर.