पायाचे जलरोधन : अपघाती इजा व दुरुस्ती

जमिनीतली ओल घरात चढू नये म्हणून पाया, जोते आणि मातीत गाडलेल्या भिंती यांवर घातलेला अडसर म्हणजे पायाचे जलरोधन. हा थर जाडीने किरकोळ असतो. त्याचे सारे बळ सलगपणात असते. बोटभर भोक पडले, तरी पाणी तेवढी वाट शोधून काढते. भोक बुजवून तो सलगपणा परत आणणे हे दुरुस्तीचे काम होय.

महाराष्ट्रात याचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. बैठ्या घरांच्या जोत्यावर 25 ते 50 मिमी जाडीचा दाट काँक्रीटचा पट्टा घालतात. त्याला सगळे डीपीसी म्हणतात. मुंबई-पुण्याकडील तळघरांना ‘बॉक्स’ वॉटरप्रूफिंग करण्याची पद्धत आहे. तीत तळाला आणि बाहेरच्या बाजूंना खडबडीत शहाबादी फरशी लावून फरशी व भिंत यांमधली फट सिमेंटच्या मसाल्याने भरतात. अलीकडे डांबरी पडदे आणि पॉलिमरयुक्त सिमेंटचे लेप जास्त वापरले जातात.

इजा बहुधा नंतरच्या कामात होते. जेसीबीच्या बकेटचे दात भिंत खरवडतात, पहारीने फरशी फुटते, भरावातला टोकदार दगड पडद्यात घुसतो. वाळवीच्या औषधासाठी फरशी आणि भिंतीच्या सांध्यालगत सुमारे 300 मिमी अंतरावर भोके पाडतात. खाली तळघराचा जलरोधक थर असेल, तर प्रत्येक भोक ही एक इजा ठरते. सर्वांत नेहमीचे दुखणे नळजोडाचे. प्लंबर छिन्नीने गरजेपेक्षा मोठे भगदाड पाडतो, पाइप घालतो आणि भोवती सिमेंट थापतो. सिमेंट सुकताना आकसते, गुळगुळीत प्लास्टिकला ते धरत नाही, आणि पाइपाभोवती केसाएवढी फट उरते. हे कोणी मुद्दाम करत नाही. पण इजा दिसताच खडूने खूण न करता वर माती लोटली, की पाच मिनिटांचे काम पुढे आठवड्यांचे होते.

आत ओल दिसते त्याच जागी बाहेर भोक असेलच असे नाही. पडदा भिंतीला पुरता चिकटलेला नसेल, तर पाणी त्याच्या मागून दूरवर सरकते. ओल बारमाही असेल, तर आधी फुटका नळ किंवा गटार तपासावे. पावसाळ्यातच येत असेल, तर जमिनीतल्या पाण्याकडे बोट जाते. डीपीसी तुटली असल्यास ओल तळापासून साधारण एक मीटरपर्यंत चढते आणि तिच्या वरच्या कडेला लोणा फुटतो.

दुरुस्ती शक्यतो बाहेरून करावी, कारण तिथे पाण्याचा दाबच थराला भिंतीवर रेटून धरतो. खोदाई हाताने, थोड्या थोड्या लांबीत आणि पायाच्या तळाखाली न जाता करतात, चर 1.5 मीटरहून खोल झाल्यास बाजूंना आधार देणे अत्यावश्यक आहे. काळ्या मातीत तर चर पावसाळ्यात उघडा ठेवूच नये.

डांबरी पडद्याची सैल कड पक्क्या भागापर्यंत कापून काढतात. भिंत तारेच्या ब्रशने घासून कोरडी करतात, प्राइमर लावून तो सुकू देतात. ठिगळ भोकाच्या कडेपलीकडे सर्व बाजूंनी निदान 150 मिमी जावे आणि त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण चौकोनी कोपरा आधी सुटतो. टॉर्चने तापवून दाबल्यावर कडेने वितळलेल्या डांबराची बारीक रेघ सलग बाहेर आली, तर सांधा बसला असे समजतात. रेघ तुटली तिथे पुन्हा तापवावे लागते. सिमेंटी लेपाच्या बाबतीत पृष्ठ ओलसर ठेवून दोन हात एकमेकांना आडवे देतात. पाइपाभोवतीचे भगदाड न आकसणाऱ्या ग्राउटने भरून कोपऱ्यात मसाल्याचा वाटा (गोलाई) काढतात आणि मग लेप पाइपावर चढवतात. फुटकी शहाबादी फरशी बदलून तिच्या मागची पोकळी नळीतून सिमेंटची पातळ रबडी सोडून भरतात.

डीपीसी तुटल्यास भिंतीचा थर अर्ध्या मीटरच्या तुकड्यांनी, एकाआड एक काढून नवे काँक्रीट भरतात. एकदम काढल्यास भिंत बसते. जुन्या दगडी वाड्याच्या जोत्याचे सांधे चुन्याचे असल्यास चुन्यानेच भरावेत. सिमेंटने ओल कोंडते आणि अधिक वर चढते.

शेजारची इमारत खेटून असली, की आतून काम करावे लागते. भिंतीत तिरपी भोके पाडून पॉलियुरेथेनचे इंजेक्शन देतात. पाण्याशी गाठ पडताच ते फुगून चीर भरते. ही निकडीची सोय चांगली आहे, पण भिंतीचे बाहेरचे अंग ओलेच राहते आणि आतल्या सळया गंजण्याचा धोका टळत नाही.

भराव करण्यापूर्वी ठिगळावर संरक्षक तक्ता लावतात. मग दगड वेचलेला मुरूम सुमारे 150 मिमीच्या थरांनी चोपतात आणि वरच्या जमिनीला घरापासून बाहेर उतार देतात. आत ओलीच्या कडेवर पेन्सिलची रेघ व तारीख ठेवली, तर ती पुढे सरकते की मागे हटते हे कळते. 230 मिमी जाडीची विटेची भिंत पुरती सुकायला काही महिने जातात. पोपडे काढून नवा गिलावा आणि रंग त्यानंतरच करतात.